पाठीवरून उतरल्यावर

रोहा, ६ नोव्हेंबर १९९४

नाना,

'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग' या खेपेला लिहीत नाही. साष्टांग घालायला मन ठिकाणावर लागतं, माझं अजून नाही. नुसता नमस्कार घ्या.

पोह्याचे पापड मिळाले. पेण-रोहा गाडीच्या कंडक्टरनं स्टँडवर डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मास्तरांनी दिलाय. निरोप काय नाय." मी डब्यात बघितलं, कागदाखाली बघितलं, झाकणाच्या आतून बघितलं. चिठ्ठी नाहीच. दिवाळीला मी घरी आले नाही म्हणून तुम्ही माझ्याशी बोलायचं सोडलंत, आणि शेजारच्या विमलबाईंकडून पापड लाटून घेऊन पाठवलेत. हे कुठलं भांडण, नाना? भांडायचं तर नीट भांडा.

मी नीट भांडते. जूनमध्ये मला न सांगता तुम्ही मुंबईला गेलात. माझ्या गाईड सरांसमोर बसलात आणि म्हणालात, माझ्या मुलीला खाडीत पाठवू नका, तिच्या पायात पोलिओ आहे, ती हो म्हणेल पण तिला झेपणार नाही, तिला प्रयोगशाळेतलं काहीतरी द्या. सरांना पटायला वेळ लागला नाही, त्यांना तेच हवं होतं. हे त्यांनीच मला सांगितलं. वर म्हणाले, "बघ, किती काळजी करतात वडील तुझी." माझ्या कानशिलात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

तर आता सरांशी काय ठरलंय ते तुम्हाला माहीत असावं. खाडीतल्या खेकड्यांची मोजणी मी स्वतः, चिखलात उतरून, होळीपर्यंत पुरी केली तर पीएच.डी.चा विषय माझा. नाहीतर तो जाणार धनेशकडे, जो माझ्या मागून आला आणि धडधाकट आहे. मग मी लोकांनी आणलेल्या बरण्या उघडत जन्मभर टेबलाशी बसायचं.

खोली बरी आहे. तळमजल्याची आहे, जिना नाही. आज रविवार. सकाळपासून कुणाशी बोलले नव्हते, म्हणून दूधवाल्याला उद्या किती वाजता येणार असं उगाच दोनदा विचारलं. तो रोज त्याच वेळेला येतो.

पापड पाठवू नका. पाठवलेत तर चिठ्ठी घाला.

हेमांगी


रोहा, २७ नोव्हेंबर १९९४

नाना,

पापड आले. चिठ्ठी नाही. भाजून खाल्ले, कारण पापडांशी माझं वैर नाही.

माझी जागा इथून रिक्षानं अर्ध्या तासावर, खाडीकाठच्या एका गावाच्या बांधापलीकडे आहे. पौर्णिमा-अमावास्येला सकाळी ओहोटी लांब जाते आणि चिखल उघडा पडतो. त्यात बोटाएवढ्या बिळांतून लहान लहान खेकडे बाहेर येतात. नराचा एक नांगा त्याच्या सगळ्या अंगाहून मोठा, तो हलवून हलवून माद्यांना बोलावत असतो. हौसा त्यांना नुसत्या कुर्ल्या म्हणते, आणि त्यात खायला काही नाही म्हणून त्यांना मान देत नाही. चिखलात लाकडी चौकट ठेवायची आणि आतले खेकडे मोजायचे, एवढंच काम. खाडीची तब्येत कशी आहे ते या मोजणीवरून कळतं.

हौसा म्हणजे इथली बाई, खाडीत खायच्या मोठ्या चिंबोऱ्या धरते. तिचा नवरा विठू थंडी लागली की पेणकडच्या मिठागरांवर कामाला जातो. पहिल्या दिवशी मी बांधावर उभी राहिले तर कमरेवर हात ठेवून तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू उतरनार चिखलात? या काठ्या घेऊन?"

"हो."

"अगो बाय, चिखलाला काय कलतंय ही शिकलेली हाय म्हनून? तू आथं बांधावर बस. मी मोजून सांगते. वीस म्हन नायतर तीस म्हन, कोन बगायला येतंय?"

"मला खरा आकडा हवा."

"मंग माज्या पाठीवर बस. तुजं वजन ते काय!"

नाना, मी तिच्यावर इतकी ओरडले की बांधावरचे बगळे उडाले. बिचारीला कळेना काय चुकलं. तुम्हाला कळेल. दहावीपर्यंत तुम्ही मला सायकलवरून शाळेत न्यायचात आणि वरच्या वर्गात जायला पाठीवर घ्यायचात. मुलं म्हणायची, मास्तरांची पोर आली. माझं नाव कुणी घ्यायचं नाही. तुमच्या पाठीवरून सगळं छान दिसायचं, फक्त जमीन दिसायची नाही.

कुबड्यांना खाली टायरच्या रबराच्या चकत्या ठोकून घेतल्या. चार हात गेले आणि अडकले. चकत्या चिखलात राहिल्या, कुबड्या बाहेर आल्या. तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगते.

हेमांगी


रोहा, २० डिसेंबर १९९४

नाना,

आज मला कुणीतरी हवं आहे आणि तुमच्याखेरीज कुणाचा पत्ता मला पाठ नाही.

माझी जागा गेली. बांधापासून जवळच, पण बिळांनी भरलेली अशी एक जागा मी निवडली होती. चार कोपऱ्यांना बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या. गेला महिनाभर कशीबशी, अर्धी रांगत, तिथवर जाऊन मोजणी सुरू केली होती. परवा पौर्णिमेला सकाळी गेले तर बांधावर विठू, हौसा आणि गावातली आणखी चार माणसं नव्या नवरीला बघायला आल्यासारखी उभी.

विठू म्हणाला, "ताई, आता जा. एक काठी रुतली तर मिशी काढीन."

बांधापासून माझ्या खुंट्यांपर्यंत वाट होती. मिठागरात मीठ घ्यायच्या आधी ही माणसं तळ पायांनी तुडवतात आणि फळीनं चोपून चोपून टणक करतात, तशी चोपलेली. दोन ओहोट्या खपून त्यांनी ती केली होती. मी चालत गेले, नाना. कुबड्या रुतल्या नाहीत. खाडीच्या चिखलात मी ताठ चालत होते आणि मला रडू यायला लागलं. मग मी खुंट्यांपाशी पोहोचले.

त्यांनी खुंट्यांच्या आतली जागासुद्धा चोपली होती. घरातल्या ओटीसारखी सपाट, सारवल्यासारखी. एक बीळ नाही. विठूचं म्हणणं, "खुंट्या ठोकल्यास म्हंजे तिथंच बसनार ना तू? मंग बसायची जागा नको का चांगली?" कोपऱ्यात एक गोणपाटही घडी करून ठेवलं होतं.

काय काय बोलले ते लिहीत नाही. हौसा म्हणाली, "तुज्यासाटी तर केलंव ना गो." त्यावर मी म्हटलं, मला विचारलंत का? तिनं गोणपाट उचललं आणि निघून गेली.

रात्री झोप नव्हती तेव्हा आठवत बसले. विद्यापीठात इतकी वर्षं काढली. सहलीला मी बसमध्ये बसून राहायची, पोरं डोंगरावरचे दगड आणून माझ्या मांडीवर ठेवायची. तिथं कुणी माझ्यासाठी एक पायरी उतरती केली नाही. या माणसांनी खाडीत वाट केली, आणि मी त्यांना शिव्या दिल्या. पण विचारायला हवं होतं, नाना. एवढंच. कुणीच कसं विचारत नाही?

इथं फार एकटं वाटतं. हे पहिल्या पत्रात लिहायचं टाळलं होतं.

हेमांगी


रोहा, ३ जानेवारी १९९५

नाना,

काल मी पडले. आधी हे वाचा: लागलं नाही, हाड मोडलं नाही, मी खोलीत बसून चहा पीत लिहिते आहे. आता पुढचं वाचा.

हौसा माझ्याशी बोलत नाही. म्हणून एकटीच गेले. विठूच्या वाटेनं शेवटपर्यंत गेले आणि तिथून पुढं मऊ चिखलात नवी जागा बघायला उतरले. दुसऱ्याच पावलाला डावी कुबडी गेली आणि मी तोंडघशी. पायाचा लोखंडी कॅलिपर चिखलात रुतला, पाय निघेना. हाका मारल्या. बांधावर कुणी नव्हतं. भरतीला अजून वेळ होता, पण ती येणार होती.

मग मी हाका मारायच्या थांबले, कारण दम लागला होता. गाल चिखलावर टेकून पडून राहिले. मनात तुम्हालाच बोलत होते. म्हटलं, जिंकलात.

आणि नाकासमोरच्या बिळातून एक खेकडा बाहेर आला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळीकडून. मी उभी राहून मोजायची तेव्हा ते बिळात दडी मारायचे, ताटकळत राहावं लागायचं, तरी निम्मे बाहेर यायचे नाहीत. वर काही उंच उभं राहिलं की त्यांना बगळा वाटतो. आडवी पडलेली मी त्यांच्या हिशेबी कुणीच नव्हते. एक तर माझ्या बोटावर चढून नांगा हलवायला लागला. मी कुबडीएवढ्या अंतरातले मोजले. नाना, मी चिखलात तोंड घालून मोठ्यानं हसले, तेव्हा मात्र सगळे पळाले.

पाय सोडवायला वेळ लागला. कॅलिपरचे पट्टे काढले, मग तो उपसला, मग वाटेपर्यंत सरपटत आले. चिखलानं भरलेली बांधावर बसले होते तेव्हा हौसा आली. तिनं हंडाभर पाणी ओतलं अंगावर. मग म्हणाली, "मेली असतीस म्हंजे?" मी म्हटलं, "हौसाताई, त्या दिवशी चुकलं माझं." ती म्हणाली, "व्हय, चुकलंच." झालं.

आता मला उभं राहायचंच नाही. मला पोटावर पडून चिखलावरून सरकायचं आहे. त्याला एक लांब, हलकी, गुळगुळीत फळी हवी. इथल्या वखारीत मिळते ती जड आहे, पाण्यानं फुगते. काय हवं ते लिहिलं. ओरडायचं असेल तर ओरडा, पण कागदावर.

हेमांगी


रोहा, २२ जानेवारी १९९५

नाना,

कंडक्टर स्टँडवर ओरडत होता, "मास्तरांची पोरगी कोन? फळी उतरवून घ्या, गाडीला टाइम होतोय!" एस.टी.च्या टपावरून दोन हमालांनी ती खाली दिली. लोक बघत होते.

गणपतीच्या कारखान्यात कच्च्या मूर्ती वाळत ठेवतात ती फळी. शाडूचे गोल डाग अजून तिच्यावर आहेत. पुढची कड रंधून वर घेतलेली, म्हणजे चिखलात घुसणार नाही. धरायला दोन्ही बाजूंना लाकडी मुठी. आणि लांबी अगदी माझ्या मापाची. ती तुम्हाला विचारावी लागली नसेल, इतकी वर्षं पाठीवर वागवलंत.

चिठ्ठी नाही. पण या खेपेला मी काय हवं ते सांगितलं होतं आणि तुम्ही तेच पाठवलंत, त्याच्यात स्वतःचं काही घातलं नाहीत. फळीवर हात फिरवत बराच वेळ बसले होते.

अजून राग आहे. थोडा.

हेमांगी


रोहा, १० मार्च १९९५

नाना,

दीड महिना झाला, फळीवरून जाते आहे. विठूच्या वाटेनं चालत, तिथून पुढं पोटावर. नवी जागा ठरली, खुंट्या ठोकल्या, आणि विठूला आधी सांगितलं की आत पाऊल टाकायचं नाही. तो म्हणतो, "देवाच्या गाभाऱ्यासारखं ठेवतो, ताई." हौसा बांधावर बसून जाळं विणते आणि मला नावं ठेवते. मला सुसर म्हणते.

सरांनी पहिल्यांदा मान्य केलं नाही. म्हणाले, सगळं जग उभं राहून मोजतं, तुझे आकडे कशाशी ताडायचे? मी म्हटलं, धनेशला पाठवा, तो उभा राहून मोजेल, मी आडवी पडून, जागा तीच. धनेश आला. चांगला मुलगा आहे, उगाच त्याच्यावर खार खात होते. त्याला माझ्याहून पुष्कळ कमी मिळाले. मग तो फळीवर झोपून बघायला गेला आणि चष्मा चिखलात घालवून आला. सर आता म्हणतात, होळीच्या पौर्णिमेची शेवटची मोजणी कर, ती आधीच्यांशी जुळली तर विषय तुझा आणि पद्धतही तुझ्याच नावानं लिही.

ती धुळवडीच्या दिवशी, सतराला सकाळी आहे. तुम्हाला यायला सांगत नाही. तुम्ही आलात आणि मला चिखलात बघितलंत तर उडी टाकून मला उचलाल, आणि मग सरांना सांगायला माझ्याकडे काही उरणार नाही. म्हणून येऊ नका असंच लिहिणार होते.

काल स्वयंपाक करताना लक्षात आलं की पापड भाजते आहे आणि दोन ताटं घेतली आहेत. एक परत ठेवलं.

हेमांगी


रोहा, १८ मार्च १९९५

नाना,

मोजणी झाली. आकडे जुळले. सरांना सकाळीच फोन केला, ते म्हणाले, "लिहायला बस." म्हणजे विषय माझा. हे आधी सांगून टाकलं.

आता कालचं.

मी फळीवर होते, निम्म्याहून जास्त मोजून झालं होतं. आणि एकदम सगळे खेकडे बिळात गेले. मी हलले नव्हते. म्हणजे बांधावर कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. धुळवडीची पोरं असतील म्हणून मी चिडून मान वर केली. काळी छत्री दिसली. पांढरा लेंगा दिसला. आणि खांद्याला ती शाळेची कापडी पिशवी.

हाक मारणार होते. तेवढ्यात तुम्ही छत्री मिटलीत आणि खाली बसलात. बांधाच्या गवतात, मांडी घालून, डोकंसुद्धा खाली घेऊन. तुमच्या गुडघ्यांना मांडी घालणं जमत नाही हे मला माहीत आहे. थोड्या वेळानं खेकडे बाहेर आले.

तेव्हा मला कळलं की माझं एकूण एक पत्र तुम्ही वाचलंय.

मी मोजणी पुरी केली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून पहिल्यापासून पुन्हा मोजली.

परत येताना वाटेपाशी फळीवरून उठले आणि कुबडी घसरली. पडले. या वेळी जोरात पडले. तोंडात चिखल गेला. उठायला गेले, पुन्हा पडले. मी तुमच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात पुढं केला असता, आणि तुम्ही आला असतात. हौसानं नंतर मला सांगितलं. म्हणाली, "म्हातारा ताडकन उठला. चपला काढल्यान, हातात घेतल्यान, खाली उतरला. मी म्हनलं, आता हा बुडतोय. तर तिथंच हुबा राह्यला. मी म्हनलं, बाबा, जाऊ का मी? तर नाय म्हनला. उठेल म्हनला."

मी उठले. वेळ लागला. बांधावर पोहोचले तेव्हा तुम्ही निघून गेला होतात. बाभळीच्या फांदीला पापडांचा डबा अडकवला होता. चिठ्ठी नव्हती. मी शोधलीही नाही.

बांधाच्या पायथ्याला चिखलात तुमची दोन पावलं होती, अनवाणी, खोल रुतलेली. त्यांच्या पुढं एकही नव्हतं. भरतीचं पाणी येऊन ती भरून जाईपर्यंत मी तिथं बसले होते. हौसा घरी चल म्हणत होती, पण मला जायचं नव्हतं.

उद्याचा सोडून पुढच्या रविवारी पेणला येते. सकाळच्या गाडीनं. स्टँडवर या, पण सायकल आणू नका.

तुमची
हेमांगी